डाव कागदावर मांडताना

बुद्धिबळाचा पट समोर असला म्हणजे डाव समजावून सांगण्याची गरज पडत नाही. पाहणाऱ्याने पटावर दृष्टी टाकावी आणि सल्ला द्यावा. परंतु सल्ला देणारा परगावी असला, की खरी अडचण सुरू होते. चौसष्ट घरे, त्यांवरील मोहरे आणि त्या मोहऱ्यांचे एकमेकांशी असलेले नाते, हे सारे शब्दांत उतरवून दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे जसेच्या तसे उभे करावयाचे असते. हे काम दिसते तितके सोपे नाही.

एका मुलाची गोष्ट घ्या. बारा वर्षांचा हा मुलगा शेजारच्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी ओसरीवर बुद्धिबळ खेळत असे. मित्र वरचढ होता. त्याच्याविरुद्ध एकही डाव या मुलाला आजवर जिंकता आला नव्हता. दिवाळीची सुटी लागण्याच्या दिवशी मात्र नवल घडले. मित्राचा वजीर मारला गेला, मागोमाग दोन्ही हत्ती गेले, आणि दिवेलागणीच्या सुमारास त्याचा राजा पटाच्या कोपऱ्यात जाऊन बसला. पुढच्या खेळीचा विचार करतो, असे मित्र म्हणतो न म्हणतो तोच त्याच्या घरून हाक आली. पहाटेच्या गाडीने त्याला आजोळी जावयाचे होते. डाव मोडावयाचा नाही, सुटी संपल्यावर येथूनच पुढे खेळावयाचे, असे दोघांत ठरले. आणि पट अलगद उचलून कपाटावर ठेवण्यात आला.

जिंकण्याची ही पहिलीच संधी! ती हातची जाऊ नये म्हणून मुलाने आपल्या मामांना कार्ड लिहिले. मामा रत्नागिरीस असत आणि बुद्धिबळात त्यांचा हातखंडा होता. कार्डातील मजकूर असा होता :

‘ती. मामांस कृ. सा. न. वि. वि. येथे सर्व क्षेम. माझा डाव अगदी जिंकत आला आहे. पांढरे मोहरे माझे आहेत. माझ्याजवळ राजा व वजीर आहेत. त्याचा राजा कोपऱ्यात अडकला आहे. माझा राजा आणि वजीर त्याच्या अगदी जवळ आहेत. आता मात कशी करावी, ते उलटटपाली कळवावे.’

या मजकुरात व्याकरणाची चूक नाही, अक्षरही वळणदार होते. पण मामांनी आपला पट काढला, काळा राजा हातात घेतला, आणि तो हात तसाच अधांतरी राहिला. पटाला कोपरे चार असतात. यांपैकी कोणत्या कोपऱ्यात राजा ठेवावा? ‘अगदी जवळ’ म्हणजे शेजारच्या घरात, की एक घर सोडून? सरळ रेषेत, की तिरप्या? कार्डात सांगितल्याप्रमाणेच, पण एकमेकांहून निराळे असे कितीतरी डाव पटावर मांडता येत होते. त्यांतला मुलाचा डाव कोणता, हे कार्ड सांगत नव्हते. मुलाला मात्र ते सांगितल्यासारखे वाटत होते, कारण लिहिताना पट त्याच्या डोळ्यांसमोर होता. लिहिणाऱ्याला जे दिसत असते ते वाचणाऱ्यालाही दिसत असेल, असा भ्रम लिहिताना फार सहज होतो.

मामांचे उत्तर आले : ‘अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे कार्ड पोचले, डाव पोचला नाही. मोहरे कोणत्या घरात आहेत त्या घरांची नावे लिही. पाळी कोणाची आहे तेही लिही.’

घरांना नावे असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती देण्याची रीत अशी. प्रथम पट नीट मांडावा; प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताजवळच्या कोपऱ्यात पांढरे घर आले पाहिजे. मग पांढऱ्या मोहऱ्यांच्या बाजूस बसून पाहिले असता उभ्या ओळींना डावीकडून उजवीकडे ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी अक्षरे द्यावीत. आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने मोजून १ ते ८ असे अंक द्यावेत. उभ्या ओळीचे अक्षर व आडव्या ओळीचा अंक मिळून घराचे नाव होते. डावाच्या आरंभी पांढरा राजा ई १ या घरात असतो, काळा राजा ई ८ या घरात. पांढरा वजीर डी १, तर काळा वजीर डी ८. बसावयाचे मात्र पांढऱ्याच्याच बाजूने. काळ्याच्या बाजूने मोजल्यास सगळा डाव उलटा होतो. काठापासून दुसऱ्या घरातले पांढरे प्यादे आपल्या घरातून अजून हललेलेच नाही, की पुढच्याच खेळीला त्याचा वजीर होणार आहे, हे दिशा कळल्याशिवाय कसे समजणार?

ही पद्धत जुनी आहे. सीरियातील अलेप्पो या शहरातून युरोपात गेलेल्या फिलिप स्टामा या खेळाडूने १७३७ साली पॅरिस येथे डावांच्या अखेरच्या शंभर स्थितींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने घरे अक्षर व अंक यांनीच दर्शविली होती. असे असूनही इंग्रजी पुस्तकांत दीर्घकाळ निराळीच पद्धत चालू राहिली. तीत ‘राजाचे चौथे घर’, ‘वजिराच्या उंटाचे तिसरे घर’ अशी नावे असत, आणि प्रत्येक खेळाडू आपल्या बाजूने मोजत असे. त्यामुळे पांढऱ्याचे जे चौथे घर तेच काळ्याचे पाचवे. एकाच घराला दोन नावे! यातून किती घोटाळे झाले असतील याची कल्पनाच करावी. पुढे जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९८१ पासून अक्षर-अंकांची पद्धत तेवढी मान्य ठेवली. एका घराला एकच नाव, मग पाहणारा कोणत्याही बाजूस बसलेला असो, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

आता मुलाच्या दुसऱ्या कार्डाकडे वळू. या खेपेस त्याने पट कपाटावरून खाली काढला, कडेने पेन्सिलीने अक्षरे व अंक लिहिले आणि कळविले : ‘त्याचा काळा राजा ए ८ या घरात आहे. माझा राजा बी ६ या घरात व माझा वजीर सी ७ या घरात आहे. पाळी त्याची आहे.’

केवढा फरक! मामांनी तीन मोहरे तीन घरांत ठेवले आणि डाव मांडून झाला. पण त्यांचे उत्तर वाचून मुलाचे तोंड उतरले. त्यांनी लिहिले होते, ‘हा डाव संपलेला आहे. तो बरोबरीत सुटला. तू कपाटावर ठेवला आहेस तो डाव नव्हे, नुसते मोहरे आहेत.’

मामांचे म्हणणे नीट तपासून पाहू. पट जवळ असेल तर हे तीन मोहरे मांडून पुढचा भाग वाचावा. ए ८ या कोपऱ्यातल्या काळ्या राजाला हलावयास तीनच घरे आहेत : ए ७, बी ७ आणि बी ८. ए ७ व बी ७ या घरांवर पांढऱ्या राजाचा मारा आहे, वजिराचाही आहे. बी ८ वर वजिराचा तिरपा मारा आहे. म्हणजे काळ्या राजाला जावयास जागा नाही. पण त्याला शह तरी आहे काय? नाही. सी ७ वरचा वजीर ए ८ या घरावर मारा करीत नाही. ज्याची पाळी आहे त्याच्या राजाला शह नाही आणि त्याच्याजवळ नियमात बसणारी एकही खेळी नाही, अशी कोंडी झाली की डाव बरोबरीत सुटतो. वजिरासारखा बलाढ्य मोहरा हाताशी असूनही विजय निसटतो. नवशिक्यांचे कितीतरी जिंकलेले डाव असे वाया जातात.

हेच तीन मोहरे, याच तीन घरांत, पण पाळी पांढऱ्याची आहे असे समजा. मग पांढऱ्याने वजीर सी ७ वरून ए ७ वर नेला की मात झाली. काळ्या राजाला शह आहे, त्याला पळावयास घर नाही, आणि वजिराला मारावे तर त्याच्या पाठीशी बी ६ वरचा पांढरा राजा उभा आहे. मोहरे तेच, घरे तीच. पाळी बदलली आणि बरोबरीची मात झाली. पट समोर ठेवूनही पाळी दिसत नाही. आज दूरच्या माणसाला मोबाइलवरून पटाचे छायाचित्र क्षणात पाठविता येते. त्या छायाचित्रात मोहऱ्यांवरची धूळसुद्धा दिसेल, पण पाळी कोणाची हे दिसणार नाही. ते शब्दांनीच सांगावे लागते.

घराच्या नावात एका अंकाची चूक झाली तरी काय होते तेही याच डावात पाहता येईल. पांढरा राजा बी ६ ऐवजी बी ५ या घरात आहे, आणि पाळी पांढऱ्याची आहे, असे धरून चाला. आता वजीर ए ७ वर नेला तर काळा राजा त्याला फुकट मारील, कारण पाठीराखा दूर आहे. बरे, राजाला जवळ आणावे म्हणून तो बी ६ वर नेला, तर काळ्याची कोंडी होऊन डाव बरोबरीत जातो. येथे अगोदर वजीर डी ७ वर घेऊन काळ्या राजाला मोकळीक द्यावी लागते. तो बी ८ वर येतो. मग पांढरा राजा बी ६ वर येतो. काळ्याला पुन्हा ए ८ वर जाण्यावाचून गती नाही. आणि आता वजीर ए ७ वर जाऊन मात करतो. एका खेळीच्या जागी तीन खेळ्या लागल्या, आणि सुचण्यासारखी पहिली खेळी चुकीची निघाली. कार्ड लिहिताना सहाच्या जागी पाच पडला असता, तर मामांनी याच तीन खेळ्या कळविल्या असत्या. त्या बिनचूक असूनही मुलाच्या काहीच उपयोगाच्या नव्हत्या.

मामांचे उत्तर घेऊन मुलगा पटापुढे बसला. त्याने एकेक घर पुन्हा ताडून पाहिले. ए ८, बी ६, सी ७ : सारे बरोबर होते. खरोखरच का डाव बरोबरीत गेला होता? तेवढ्यात त्याची दृष्टी पटाच्या दुसऱ्या टोकाकडे गेली. तेथे, एच ५ या घरात, एक काळे प्यादे उभे होते. ते त्याने दोन्ही कार्डांत लिहिलेच नव्हते. लढाई या कोपऱ्यात चालली असताना त्या टोकाच्या एकट्या प्याद्याशी काय कर्तव्य, असे त्याला वाटले होते.

त्या प्याद्याने सगळा निकालच फिरविला. काळ्या राजाला हलता येत नसले तरी काळ्याचे प्यादे हलू शकते. म्हणजे काळ्याजवळ खेळी आहे. म्हणून कोंडी नाही आणि बरोबरीही नाही. इतकेच नव्हे, तर त्याच्याजवळ ती एकच खेळी असल्यामुळे त्याला ती करणे भाग आहे : प्यादे एच ५ वरून एच ४ वर. त्यानंतर पाळी पांढऱ्याची, आणि वजीर ए ७ वर जाऊन मात! त्या प्याद्याचा वजीर व्हावयास चार घरांचे अंतर होते. काळ्याला त्याच्यावर आशा असेल. पण ते प्यादे पटावर नसते, तर त्याचा डाव वाचला असता.

आपल्याला निरुपयोगी वाटलेली गोष्ट सांगणाऱ्याने आपणच गाळून टाकली की असे होते. गाळावयाचे काय, हे ठरविण्यासाठी डाव समजलेला असावा लागतो. आणि डाव समजला असता, तर विचारण्याची वेळच आली नसती. म्हणून मदत मागणाऱ्याने पटावर असेल ते सगळे लिहावे. निवड उत्तर देणारा करील. वैद्याकडे गेलेला रोगी ‘पोट दुखते’ एवढेच सांगून आदल्या दिवशी काय खाल्ले ते सांगत नाही, त्यातलाच हा प्रकार.

पटावर न दिसणाऱ्या गोष्टी पाळीखेरीज आणखीही आहेत. राजा आणि हत्ती आपापल्या मूळच्या घरांत दिसतात. पण राजा मध्येच एकदा हलून परत आलेला असेल, तर त्याला किल्लेकोट करता येत नाही. प्रतिपक्षाचे प्यादे आपल्या प्याद्याच्या शेजारी येऊन उभे आहे. ते आताच्या खेळीत मूळ घरातून एकदम दोन घरे आले असेल, तर आपल्या प्याद्याला ते वाटेतल्या घरात असल्याप्रमाणे मारता येते, पण लगेच्याच खेळीत. एक खेळी उलटली की तो अधिकार गेला. हा इतिहास मोहऱ्यांच्या तोंडावर लिहिलेला नसतो. शिवाय आपल्याकडील देशी खेळात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालत असे. ज्या घरांतून वडीलधाऱ्यांकडून अशी रीत आलेली आहे, तेथल्या मुलांनी आपण कोणत्या नियमांनी खेळतो तेही कळवावे.

पूर्ण डावच टपालाने खेळण्याची चालही फार जुनी आहे. लंडन आणि एडिंबरो या दोन शहरांच्या बुद्धिबळ मंडळांत १८२४ ते १८२८ या काळात असा सामना झाला आणि त्यात एडिंबरोची सरशी झाली. एका बाजूने आपली खेळी पत्राने कळवावी, दुसऱ्या बाजूने आपल्या पटावर ती करून उत्तर धाडावे, असा तो क्रम. अशा खेळात अक्षर अस्पष्ट आले तरी पंचाईत व्हावयाची. १९६५ साली तर अमेरिकेचा प्रख्यात खेळाडू बॉबी फिशर याला क्यूबातील हवाना येथील स्पर्धेस जाण्याची परवानगी मिळाली नाही, तेव्हा तो न्यूयॉर्कमध्येच बसून तारायंत्राने आपल्या खेळ्या हवानाला कळवीत त्या स्पर्धेत खेळला. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या देशांतील खेळाडूंच्या सोयीसाठी अक्षरे अजिबात वगळून नुसत्या अंकांची रीतही निघाली आहे. तीत ए ऐवजी १, बी ऐवजी २ असे लिहितात. मग सी ७ हे घर ३७ होते, ए ७ हे १७. आणि वजिराची ती मात करणारी खेळी ३७१७ या चार अंकांत मावते.

खेळी कळविणे त्या मानाने सोपे. सबंध पट थोडक्यात कळविण्याची युक्ती डेव्हिड फोर्साइथ नावाच्या एका स्कॉटिश पत्रकाराने १९व्या शतकात काढली. वरची, म्हणजे आठवी, आडवी ओळ प्रथम घ्यावी आणि डावीकडून उजवीकडे वाचीत जावे. मोहरा आला की त्याचे आद्याक्षर लिहावे. रिकामी घरे आली की ती किती तो अंक लिहावा. ओळ संपली की तिरपी रेघ देऊन खालच्या ओळीवर यावे. इंग्रजीत पांढऱ्या मोहऱ्यांसाठी मोठी लिपी व काळ्यांसाठी लहान लिपी वापरतात. आपल्या लिपीत तशी दोन रूपे नसल्यामुळे रंग वेगळा लिहावा लागेल, इतकेच. मुलाचा डाव या रीतीने असा होईल : काळा राजा ७ / २ पांढरा वजीर ५ / १ पांढरा राजा ६ / ७ काळे प्यादे / ८ / ८ / ८ / ८. या रीतीत मोठी सोय अशी, की प्रत्येक ओळीची बेरीज आठ आली पाहिजे. दोन रिकामी, एक वजीर, पाच रिकामी : आठ. एखादा मोहरा विसरला किंवा घर चुकून मोजले, तर बहुधा बेरीज जुळत नाही आणि चूक टपालात पडण्यापूर्वीच सापडते. संगणकाला डाव समजावून देण्यासाठी आज हीच युक्ती वापरतात. तीत पाळी, किल्लेकोटाचे अधिकार आणि वाटेत प्यादे मारण्याचे घर ही मागाहून जोडली गेली.

मुलाला फोर्साइथची युक्ती ठाऊक नव्हती. पण तिसरे कार्ड लिहिताना त्याने पटाची एकेक ओळ बोटाने चाचपून पाहिली. मग लिहिले : ‘ती. मामांस कृ. सा. न. वि. वि. मागील कार्डात एक प्यादे लिहावयाचे राहिले. पांढरे माझे : राजा बी ६, वजीर सी ७. काळे त्याचे : राजा ए ८, प्यादे एच ५. याखेरीज पटावर काही नाही. पाळी काळ्याची आहे. तो प्यादे एच ४ वर आणील असे मला वाटते. मग वजीर ए ७ वर नेऊन शह दिला तर मात होईल ना? की बी ८ वर नेऊन द्यावा?’

येथे त्याने आणखी एक चांगली गोष्ट केली. आपण स्वतः कोठवर विचार केला आहे, तेही लिहिले. त्यामुळे भाच्याला कोठपर्यंत समजले आहे आणि पाय कोठे घसरण्याचा संभव आहे, हे मामांना कळले.

मामांचे उत्तर चार ओळींचे होते. ‘अनेक उत्तम आशीर्वाद. या खेपेस डाव पोचला. एच ४ वाचून त्याला दुसरी खेळी नाही. मग वजीर ए ७ वर, मात. बी ८ वर मुळीच नेऊ नकोस. तेथे वजिराला तुझ्या राजाचा आधार नाही, काळा राजा त्याला मारील आणि मग ते प्यादे तुला भारी पडेल.’

सुटी संपली, मित्र परत आला. पट कपाटावरून खाली निघाला. मित्राने बराच वेळ विचार करून प्यादे एच ४ वर सरकविले. आणि मुलाने वजीर उचलून ए ७ वर ठेवला.